यादीत नसलेले संकट

महाडला पूर नवा नाही. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या सहवासात वाढलेल्या या शहरातील व्यापारी आषाढात आभाळ भरून आले की खालच्या फळीवरचा माल माळ्यावर चढवू लागतात. सावित्रीची धोक्याची पातळी साडेसहा मीटर आहे, हे बाजारपेठेत सांगावे लागत नाही. पुराशी असलेला हा परिचय इतका जुना आहे की त्याच्या तयारीसाठी येथील माणूस शासकीय परिपत्रकाची वाट पाहत बसत नाही. प्रश्न आहे तो ज्याच्याशी परिचय नाही अशा संकटाचा.

गेल्या दोन दशकांचा हिशेब मांडून पाहावा. २५ आणि २६ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या व दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर राज्य परिवहन मंडळाच्या दोन बसगाड्या व एक खासगी मोटार नदीत नाहीशी झाली. चाळीसच्या आसपास प्रवासी दगावले. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळली. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाड शहरातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पत्त्यांसारखी खाली बसली व सोळा जण मृत्यू पावले. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली असतानाच तळिये गावावर डोंगर आला. त्या एका गावात ऐंशीहून अधिक जणांचा अंत झाला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. आणि ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, पावसाचा थेंबही नसताना, महाड औद्योगिक वसाहतीतील ब्लू जेट हेल्थकेअर या औषधी रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन अकरा कामगार प्राणास मुकले.

दरड, पूल, बस, इमारत, महापूर, स्फोट. एकाच तालुक्याच्या परिसरात वीस वर्षांच्या आत इतक्या भिन्न प्रकारची संकटे येऊन गेली की पुढचे कोणते असेल हे सांगण्याचे धाडस कोणीही करू नये. आम्हीही करीत नाही. मात्र प्रत्येक घटनेनंतर शासनाने काय केले, हे पाहण्याजोगे आहे. पूल वाहून गेला, तेव्हा राज्यभरातील जुन्या पुलांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. इमारत कोसळली, तेव्हा धोकादायक इमारतींची चर्चा झाली. दरडी कोसळल्या, तेव्हा दरडप्रवण गावांच्या याद्या तयार झाल्या. स्फोट झाला, तेव्हा कारखान्यांकडे लक्ष गेले. यांतील एकही काम अनावश्यक नव्हते. पण ही सारी तयारी होऊन गेलेल्या संकटाची होती. येणारे संकट प्रत्येक वेळी दुसऱ्याच दाराने आत शिरले.

यादीचा दोष असा की ती मनाला स्वस्थता देते. ज्याचे नाव तिच्यात आहे त्याची काळजी घेतली जाते, हे खरे. परंतु ज्याचे नाव नाही तो सुरक्षित आहे असे आपण नकळत धरून चालतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले. सावित्रीच्या पुलाबाबतही तेच. त्याची पाहणी दुर्घटनेपूर्वी मे महिन्यातच झाली होती व धोका आढळला नव्हता, असा खुलासा त्या वेळी करण्यात आला. त्याही मागे जायचे, तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसे गाडली गेली. भूकंपाच्या नकाशावर तो प्रदेश तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविला जात असे. नकाशे करणारे निष्काळजी होते असा याचा अर्थ नव्हे. नकाशा माहीत असलेल्या गोष्टींचा असतो, इतकेच.

मग ज्याचे भाकीत करता येत नाही त्याची तयारी करायची कशी? आमच्या मते महाड-पोलादपूरच्या या घटनांतच त्याचे उत्तर आहे. घटनांची कारणे वेगळी आहेत, पण त्यांच्यानंतरचे पहिले काही तास एकमेकांसारखे आहेत. दरड असो वा स्फोट, त्या तासांत तेच तेच प्रश्न उभे राहतात आणि तीच तीच साधने अपुरी पडतात. संकटाचे कारण आधी कळत नाही. त्याने काय काय तुटते हे मात्र कळते, कारण ते दर वेळी तेच असते.

आत कोण होते?

सर्वांत आधी तुटतो तो हिशेब. आत किती माणसे आहेत, हे कोणालाच ठाऊक नसते. तारिक गार्डन कोसळली त्या संध्याकाळी दोनशे माणसे ढिगाऱ्याखाली असल्याचे वृत्त देशभर पसरले. पुढे रहिवासी एकेक करून सापडत गेले. अनेक जण इमारत हलू लागताच बाहेर पडले होते, काही मुळात घरी नव्हते. आकडा उतरत उतरत वीसच्या आत आला. दोनशे आणि वीस यांतील फरक केवळ बातमीचा नसतो. कोणत्या मजल्याच्या, कोणत्या खोलीच्या दिशेने खणायचे, यंत्र लावायचे की हाताने माती उपसायची, रात्रभर थांबायचे की पुढे जायचे, हे सारे त्या आकड्यावर ठरते. चार वर्षांचा एक बालक सुमारे एकोणीस तासांनी, व एक वृद्ध महिला त्याहूनही उशिरा, सव्वीस तासांनी जिवंत बाहेर आली. एवढा वेळ माणूस तग धरू शकतो. तो नेमका कोठे आहे हे सांगणारा कोणीतरी हवा.

सावित्रीच्या पुरातही हीच स्थिती होती. बसमधील नोंदी आणि घरी न पोहोचलेल्यांच्या नातलगांची चौकशी यांचा मेळ घालीत बेपत्तांची संख्या ठरवावी लागली. काही मृतदेह प्रवाहाबरोबर थेट दापोली तालुक्यातील आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत गेले. इरशाळवाडीत कित्येक मुले त्या रात्री आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. पण ती वाडीवर नव्हती हे कळेपर्यंत त्यांचीही गणना ढिगाऱ्याखालच्यांत होत होती.

औद्योगिक वसाहतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. कायम कामगारांची हजेरी कारखान्याच्या संगणकात असते. ठेकेदाराच्या माणसांची नोंद बहुधा ठेकेदाराच्या वहीत असते. टँकर घेऊन आलेला चालक आणि त्याचा मदतनीस, दुरुस्तीसाठी बाहेरून आलेले वेल्डर, उपाहारगृहातील पोरे यांची नोंद असेलच तर प्रवेशद्वारावरील पहारेकऱ्याकडे. पाळी बदलण्याच्या वेळी तर आत गेलेले आणि बाहेर पडलेले यांची सरमिसळ होते. आणि संगणक जळाला, प्रवेशद्वारच धुराने वेढले गेले, तर? आत असलेल्या प्रत्येक माणसाची नावानिशी यादी प्रत्येक पाळीच्या आरंभी कारखान्याच्या भिंतीबाहेर, वसाहतीच्या अग्निशमन केंद्रात वा शेजारच्या कारखान्यात पोहोचली पाहिजे. यास कोट्यवधींची यंत्रसामग्री लागत नाही. परप्रांतातून आलेल्या, गावाकडचा पत्ता कोणालाही माहीत नसलेल्या मजुराचे नाव त्या यादीत असणे म्हणजे त्याला कोणीतरी शोधणार आहे याची हमी असणे होय.

कोण होते याइतकाच काय होते हा प्रश्नही महत्त्वाचा. १२ ऑगस्ट २०१५ रोजी चीनमधील तिआनजिन बंदरातील रसायनांच्या गोदामात आग लागली. अग्निशमन दलाचे जवान तेथे धावले. आत नेमके काय साठविले आहे याची पुरेशी कल्पना त्यांना नव्हती. पुढे जे स्फोट झाले त्यांत १७३ जण मृत वा बेपत्ता झाले आणि त्यांत शंभराहून अधिक अग्निशमन दलाचेच होते. वाचवावयास जाणाराच प्रथम बळी पडतो, ही गोष्ट रासायनिक दुर्घटनांत वारंवार घडते. भोपाळमध्ये १९८४ च्या त्या डिसेंबरी रात्री डॉक्टरांसमोर हजारो रुग्ण येऊन पडले असताना त्यांना कोणत्या वायूने ग्रासले आहे व त्यावर उपचार कोणता, हे सांगणारे कोणी नव्हते. तोंडावर ओले फडके धरा, एवढी साधी सूचना वेळेवर मिळती तरी अनेकांचा त्रास कमी झाला असता.

महाडच्या वसाहतीत औषधांची, रंगांची, कीटकनाशकांची आणि त्यांस लागणाऱ्या मध्यवर्ती रसायनांची निर्मिती होते. कोणत्या कारखान्यात आज कोणते पिंप कोठे ठेवले आहे, कशावर पाणी मारावे व कशावर मुळीच मारू नये, हे आग विझवणाऱ्याच्या हाती आधीच असले पाहिजे. आणि तेच महाडच्या रुग्णालयातील रात्रपाळीच्या डॉक्टरांकडेही असले पाहिजे. भाजलेल्या रुग्णासाठी ऐरोलीचे बर्न्स केंद्र येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. त्या प्रवासापूर्वीचा पहिला तास महाडमध्येच जाणार.

रस्ता आणि शब्द

दुसरी गोष्ट तुटते ती वाट, आणि वाटेबरोबर वार्ता. तळिये येथे दरड कोसळली ती दुपारी चारच्या सुमारास. वीज गेलेली, दूरध्वनी बंद, रस्ते पाण्याखाली वा दरडींनी अडलेले, आभाळ असे की हेलिकॉप्टर उडू शकत नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान तेथे पोहोचले ते दुसऱ्या दिवशी. तोवर ज्यांची घरे शाबूत होती ते ग्रामस्थ आणि आसपासच्या वाड्यांतील माणसे हाती लागेल त्या पहारीने आणि फावड्याने आपल्याच सोयऱ्यांचे देह बाहेर काढीत होती. दल उशिरा आले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या दलाची महाराष्ट्रातील पाचवी बटालियन पुण्याजवळ असते, आणि पुण्याहून महाडला येण्याच्या वाटा वरंध वा ताम्हिणी घाटातून जातात. ज्या पावसाने तळियेचा डोंगर सुटतो त्याच पावसाने हे घाटही बंद पडतात. मदतीचा रस्ता आणि संकटाचा रस्ता एकच आहे. त्या दिवशी महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री उगम पावते ती तेथेच.

२०२१ नंतर पावसाळ्यात या दलाची तुकडी महाडमध्येच ठेवण्याची व्यवस्था होऊ लागली, हे स्वागतार्ह आहे. येथे कायमस्वरूपी तळ असावा ही मागणीही रास्त आहे. तथापि महाडमध्ये तळ असला म्हणून तळिये जवळ येत नाही. मधला ओढा फुगला की दहा किलोमीटरही शंभरासारखे होतात. स्फोट मात्र नोव्हेंबरात होतो, जेव्हा पावसाळी तुकडी परत गेलेली असते. म्हणून दलाची संख्या वाढविणे हा तयारीचा एक भाग झाला. दल येईपर्यंत काय, हा दुसरा, आणि आमच्या अल्पमतीप्रमाणे अधिक मोठा भाग आहे.

आंबेनळी घाटातील दुर्घटना या दृष्टीने आठवण्यासारखी आहे. बस शेकडो फूट खोल दरीत गेली, तीस जण दगावले, एक जण वाचला. त्यानेच दरी चढून वर येऊन वार्ता कळविली. त्यानंतर दोर लावून दरीत उतरले ते महाबळेश्वरचे गिर्यारोहक आणि पोलादपूरच्या परिसरातील तरुण. त्यांना कोणत्याही आराखड्याने घडविले नव्हते; सह्याद्रीत भटकण्याच्या छंदाने घडविले होते. सावित्रीच्या पुलावरही त्या रात्री प्रथम धावला तो जवळच्या गॅरेजमध्ये काम करणारा माणूस. पुढचा पूल नाहीसा झाला आहे हे ध्यानात येताच त्याने येणारी वाहने थोपविण्याची धडपड केली व पोलिसांपर्यंत खबर पोहोचली. त्याच्याकडे ना गणवेश होता, ना अधिकारपत्र. त्या दिवशी तोच आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

अशा माणसांना आधी हुडकून ठेवता येते. पोहणारे, होडी वल्हविणारे, दोर बांधणारे, जेसीबी चालविणारे, साप धरणारे, गॅसकटर हाताळणारे लोक प्रत्येक पंचक्रोशीत असतात. केंद्रीय प्राधिकरणाची आपदा मित्र ही योजना याच विचारातून निघाली व स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळू लागले, हे योग्य झाले. परंतु प्रमाणपत्र देऊन सोडून दिलेला स्वयंसेवक आणि दर तीन महिन्यांनी दोर हातात घेणारा स्वयंसेवक यांत पुष्कळ अंतर आहे. पोलीस पाटील, सरपंच, आशा सेविका यांच्या हाती भ्रमणध्वनीखेरीज दुसरे साधन द्यावयास हवे. मनोरा पडला किंवा त्याच्या जनित्रातील डिझेल संपले की भ्रमणध्वनी म्हणजे केवळ दिवा दाखविणारी डबी उरते. डोंगरकुशीतील प्रत्येक वाडीत एक बिनतारी संच, तो भारित ठेवण्यास सौरपट्टी, आणि तो चालविणारी एक नव्हे तर दोन माणसे, इतके झाले तरी तळियेची बातमी बाहेर पडण्यास लागलेला वेळ वाचेल. एकच माणूस शिकविला, तर नेमका तोच त्या दिवशी मुंबईस गेलेला असतो, हे कोकणात वेगळे सांगावयास नको.

येथे सत्तेचा प्रश्नही येतो. गाव रिकामे करा, कारखान्याचा भोंगा वाजवा, महामार्ग बंद करा, हा निर्णय कोणी घ्यायचा? वरिष्ठांशी संपर्क होत नसेल तर खालच्याने किती वेळ थांबायचे? निर्णय चुकला आणि डोंगर कोसळलाच नाही, तर त्याच्यावर कारवाई होणार काय? आमच्या प्रशासनात न केलेल्या कामाबद्दल क्वचित जाब विचारला जातो. पण विनाकारण गाव हलविल्याबद्दल हमखास विचारला जातो. म्हणून माणूस थांबतो. लेखी अधिकार आधीच दिलेला असावा, आणि सद्‌हेतूने दिलेल्या खोट्या ठरलेल्या इशाऱ्याबद्दल पाठराखण होईल हेही लेखी असावे.

तालीम कशाची?

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतील रंगीत तालीम पाहण्याचा योग आम्हांस आला. वसाहतीचे वा कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. सकाळी अकराला वायुगळती होणार हे आदल्या दिवशीच सर्वांना कळविले होते. रुग्णवाहिका दहा वाजल्यापासून दाराशी उभी होती. कोणी बेशुद्ध पडायचे हे ठरले होते. त्या गृहस्थांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून घेतले, तेव्हा आम्हांस हसू आवरेना. अकरा वाजून सतरा मिनिटांनी सर्व आटोपले, छायाचित्र निघाले, चहा झाला. कुंपणापलीकडे शेतात काम करीत असलेल्या एका बाईला आम्ही विचारले, हा भोंगा कशाचा? ती म्हणाली, जेवणाच्या सुट्टीचा असेल, आज लवकर झालेला दिसतो.

तिच्या त्या उत्तरात दोष कोणाचा? कायद्यात तर सारे आहे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देणे कारखानदारास बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी मोठा धोका असणाऱ्या कारखान्यांना कुंपणाच्या आतला आपत्कालीन आराखडा व त्याची दर सहा महिन्यांनी तालीम करावयास सांगितले. कुंपणाबाहेरच्या आराखड्याची तालीम वर्षातून एकदा. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी तर जिल्हा पातळीवर आणि औद्योगिक क्षेत्राच्या पातळीवर संकट निवारण गट स्थापण्याची तरतूद केली. या स्थानिक गटाची बैठक दरमहा व्हावी असे नियम सांगतो. त्याच्या सदस्यांची यादी वाचण्यासारखी आहे: उपविभागीय दंडाधिकारी, कारखाने निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचे प्रमुख यांच्याबरोबर रसायनांची वाहतूक करणारे, परिसरातील डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते, सरपंच वा गावपुढारी, इतकेच नव्हे तर स्थानिक वृत्तपत्राचा संपादकही. ज्याने हा नियम लिहिला त्याला पहिल्या तासांचे मर्म कळले होते, असे आम्हांस वाटते.

तेव्हा नवा कायदा नको, तालीम बदलावयास हवी. जी पार पडते ती तालीम नव्हे, समारंभ होय. तालमीत काहीतरी मोडले पाहिजे. पूर्वसूचना न देता, रात्रीच्या पाळीत, पाऊस असताना ती घ्यावी. मुख्य अधिकाऱ्यास त्या दिवशी मुद्दाम बाजूस बसवावे आणि तो नसताना कोण पुढे होतो हे पाहावे. मुख्य दार बंद आहे असे समजावे. दूरध्वनी चालत नाहीत असे धरावे. कारखान्याच्या आराखड्यात वायुगळती लिहिली असेल तर त्याऐवजी पूर आला आहे, असे त्या सकाळी सांगावे.

पुराचे उदाहरण आम्ही उगाच घेत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात हार्वे नावाचे चक्रीवादळ आले. क्रॉस्बी या गावातील आर्केमा कंपनीच्या कारखान्यात सेंद्रिय पेरॉक्साइड नावाची रसायने थंड ठेवलेली होती. पुराने वीज गेली, पर्यायी जनित्रेही पाण्यात बुडाली, शीतगृहे बंद पडली. कोणीही काडी लावली नाही, काही फुटले नाही. केवळ गरम झाल्यामुळे ती रसायने पेटली. कारखान्याजवळ पूर येऊ शकतो हे तेथे ज्ञात होते. पाणी एवढे चढेल हे कोणी धरले नव्हते. आता महाडकडे पाहावे. वसाहत सावित्री-काळच्या खोऱ्यात आहे आणि २०२१ च्या पुराने जुन्या खुणा पुसल्या. पूर वेगळ्या खात्याचा, रसायन वेगळ्या खात्याचे, महामार्ग तिसऱ्याचा. एका रात्री तिघे एकदम आले, तर एका टेबलाशी कोण बसणार, हे त्या रात्री ठरवून भागणार नाही.

जपानमधील कामाइशी या किनारी शहराची हकिकत येथे सांगावीशी वाटते. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत त्या शहरात हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. परंतु प्राथमिक व माध्यमिक शाळांतील सुमारे तीन हजार मुलांपैकी जवळजवळ सर्व वाचली. धोक्याच्या नकाशात तेथील उनोसुमाई भागातील शाळा लाटेच्या कक्षेबाहेर दाखविलेल्या होत्या. मात्र तोशिताका कातादा नावाच्या प्राध्यापकांनी कित्येक वर्षे त्या मुलांना शिकविले होते की नकाशावर विसंबू नका, त्या क्षणी शक्य तेवढे सर्व करा, आणि इतरांची वाट न पाहता प्रथम स्वतः पळा. भूकंप होताच मोठी मुले पळत सुटली. त्यांना पाहून शेजारच्या शाळेतील लहानगी निघाली. ठरलेल्या आश्रयस्थानी पोहोचल्यावर मागचा कडा ढासळलेला दिसला, तेव्हा ती तेथेही थांबली नाहीत, आणखी वर गेली. थोड्याच वेळात ते आश्रयस्थान लाटेत गेले. यादीबाहेरच्या संकटाचे शिक्षण असे असते. आराखडा पाठ असावा, आणि तो सोडण्याची परवानगीही असावी.

आमच्या लोकांनाही हे ठाऊक नाही असे नाही. विहिरीचे पाणी एकाएकी गढूळ झाले, घराच्या मागील भिंतीस नवी चीर गेली, डोंगरातील झरा आटला वा भलत्याच ठिकाणी फुटला, झाडे तिरपी झाली की जुनी माणसे अस्वस्थ होतात. भूस्खलनाचे अभ्यासकही हीच चिन्हे सांगतात. उणीव आहे ती त्या अस्वस्थतेला ऐकणाऱ्या कानाची. म्हातारीने सकाळी सांगितलेली भिंतीची चीर संध्याकाळपर्यंत तहसील कचेरीत पोहोचावी, अशी वाट आज वाड्यावाड्यांतून नाही. यादी करणारा भूवैज्ञानिक वर्षातून एकदा येईल. ती बाई डोंगराखाली तीनशे पासष्ट दिवस राहते.

बचाव करणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. इरशाळवाडीची उभी चढण रात्रीच्या पावसात चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. यंत्रे वर जाऊ शकत नव्हती. जे काही खणले गेले ते बहुतांशी हातांनी. अनपेक्षित संकट हे बचाव करणाऱ्यासही अनपेक्षित असते. त्याच्या प्रकृतीची तपासणी, पाळ्यांची अदलाबदल, रासायनिक आगीत लागणारा श्वसनसंच, आणि सलग तीन दिवस मृतदेह उचलल्यावर त्याच्याशी बोलणारे कोणीतरी, ही चैन नव्हे. तळियेत ज्या ग्रामस्थांनी आपल्याच माणसांना मातीतून काढले त्यांना तर हेही कोणी विचारले नसेल.

आमच्या मंडळींनाही या प्रश्नातून मोकळे होता येत नाही. संकटानंतर धान्य, कपडे, भांडी घेऊन धावणाऱ्या संस्थांत आमच्याही संस्था असतात आणि ते काम चांगले होते. पण वसाहतीजवळ वा नदीकाठी ज्या कोणाची शाळा, सभागृह वा वसतिगृह आहे त्याने एक गोष्ट आजच पाहावी: मध्यरात्री तीनशे माणसे दाराशी आली तर किल्ली कोणाकडे आहे? तो गृहस्थ किती दूर राहतो? पाण्याची टाकी विजेवाचून भरते काय? वारा वसाहतीकडून आपल्याकडे वाहत असेल, तर हीच इमारत आश्रयाची जागा राहील की सापळा होईल?

राहता राहिला आमचा स्वतःचा व्यवसाय. स्थानिक संकट निवारण गटात संपादकास जागा दिलेली आहे, हे वर आले आहे. अफवेने दोनशेचा आकडा देशभर नेला, तेव्हा खरा आकडा कोणाकडून घ्यायचा हे आम्हा वृत्त देणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. तेव्हा रायगडमधील आमच्या व्यवसायबंधूंनी महाडच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन साधी चौकशी करावी, असे सुचवितो: या गटाची बैठक शेवटची कधी झाली, तिला वृत्तपत्राच्या वतीने कोण उपस्थित होते, कोणत्या गावचा सरपंच आला होता, आणि पुढची बैठक कोणत्या तारखेस आहे.